वाचकांचे प्रश्न : खोल पाण्यातला व्हेंट्रॅलिस अँथियास घरच्या टाकीत

गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच माशाबद्दल आहेत. शास्त्रीय नाव स्यूडँथियास व्हेंट्रॅलिस. रँडल यांनी १९७९ मध्ये या जातीचं वर्णन केलं. पॅसिफिक महासागरातल्या प्रवाळखडकांच्या उतारांवर, बहुतेक वेळा ४० मीटरच्या खाली, कपारींच्या तोंडाशी हा राहतो. लांबी जेमतेम सात सेंटिमीटर, गुलाबी-जांभळ्या अंगावर पिवळी झाक. फोटो पाहून कोणीही भुलावं असा मासा आहे, आणि तिथेच गोची होते. त्या पत्रांतले काही प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत.

माझ्याकडे ३०० लिटरची चालू स्थितीतली रीफ (प्रवाळांची) टाकी आहे. तापमान २७ ते २८, वर चांगला एलईडी, आत क्लाऊनफिशची जोडी, एक पिवळा टँग आणि तीन निळे डॅमसेल. दुकानदार म्हणतो व्हेंट्रॅलिस मागवून देतो. सोडू का? (ठाणे)

नका सोडू. टाकी चांगली आहे, पण या माशासाठी चारही बाबतींत उलटी आहे.

तापमान २२ ते २४ अंश हवं. २८ अंशांवर मासा लगेच मरत नाही, म्हणूनच लोक फसतात. पाणी गरम असलं की त्याच्या शरीराचा खर्च वाढतो. एरवीसुद्धा दिवसभर टिपत राहणारा हा मासा मग जितकं खातो त्याहून जास्त जाळतो, आणि तीन-चार आठवड्यांत डोक्यामागे खड्डा पडतो. शिवाय गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. समुद्राच्या पाण्यात २३ अंशांना लिटरमागे साधारण सात मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना सहाच्या थोडा वर. गरज वाढते तेव्हाच पुरवठा आटतो.

दुसरी बाब उजेडाची. प्रवाळांसाठी लावलेल्या दिव्याखाली हा दिवसभर कपारीत दडून राहतो, आणि दडलेला मासा खात नाही. तिसरी बाब शेजाऱ्यांची. डॅमसेल त्याला पहिल्याच दिवशी कोपऱ्यात घालतील. टँग मारणार नाही कदाचित, पण खाण्याच्या वेळी त्याची जी धांदल असते तिच्यात हा मागेच राहील. आणि चौथी, त्याला दिवसातून पाच-सहा वेळा बारीक खाणं लागतं. ते तुमच्या टाकीत पडलं तर निम्मं डॅमसेल खातील आणि उरलेलं नायट्रेट होईल.

टाकी न बदलता अँथियासच हवा असेल तर बार्टलेट अँथियास, म्हणजे स्यूडँथियास बार्टलेटोरम घ्या. तो उथळ पाण्यातला, अंगाने दणकट आणि खाण्याला धीट. त्याच्यासाठीही आधी डॅमसेल काढावे लागतील.

इतक्या खोल राहणाऱ्या माशाला दोन फुटांच्या पाण्यात दाब कमी पडत नाही का? दाब नसल्यामुळेच हे मासे मरतात असं ऐकलं. (पुणे)

कमी दाबात राहायला त्याला काही अडचण नाही. अडचण येते ती वर येण्याच्या प्रवासात. एकदा नीट वर आला की पुढची वर्षं तो दोन फूट पाण्यात काढू शकतो.

पृष्ठभागावर एक वातावरण दाब असतो आणि दर दहा मीटरला साधारण एक वातावरण वाढतं. म्हणजे ५० मीटरवर सहा. माशाच्या पोटात वाताशय असतो, त्यातल्या वायूवर तो पाण्यात तरंगतो. दाब सहाचा एक झाला की तोच वायू सहापट जागा मागतो. गोड्या पाण्यातल्या गोल्डफिशच्या वाताशयाला अन्ननलिकेची वाट असते, तो तोंडावाटे हवा सोडू शकतो. अँथियासचा वाताशय बंद असतो. त्यातला वायू रक्तात शोषला गेला तरच कमी होतो, आणि त्याला तास लागतात. घाईने वर आणलेल्या माशाचं आतडं बाहेर येतं, डोळे फुगतात, आतले अवयव चेपतात.

म्हणून पकडणारे पाणबुडे दोनपैकी एक करतात. मासे डब्यात घालून ठरावीक खोलीवर थांबवत थांबवत कित्येक तासांनी वर आणतात, नाहीतर वर आणल्यावर छातीच्या पराच्या मागे, खवल्यांच्या फटीतून बारीक सुई घालून वायू काढतात. सुईचं काम सराईत हातानं झालं तर चालतं. हात चुकला, सुई जंतुविरहित नसली, तर आठ-पंधरा दिवसांनी तिथेच सूज येते. तोवर मासा दुकान ओलांडून तुमच्या घरी पोचलेला असतो आणि दोष तुमच्या पाण्याला लागतो.

दुकानात मासा नीट आहे हे कसं ओळखायचं? आणि पिशवीतून टाकीत सोडण्याची बरोबर पद्धत कोणती? थेंब-थेंब पाणी घालत दोन तास ठेवायचं असं सगळीकडे सांगतात. (नाशिक)

आधी निवड. काचेसमोर दहा मिनिटं उभे राहा. निरोगी मासा प्रवाहाकडे तोंड करून आडवा, स्थिर पोहतो. डोकं खाली, शेपूट वर आणि पर सतत मारत राहणं म्हणजे पोटात वायू जास्त आहे. तळाला टेकून राहणारा आणि धडपडत वर येणारा म्हणजे वाताशयाला इजा झालेली असण्याची शक्यता मोठी. दोन्ही नकोत. गुदद्वार लाल किंवा बाहेर आलेलं, छातीच्या पराच्या मागे एका बाजूला उंचवटा, पराच्या पापुद्र्यात बुडबुडे, एक डोळा फुगीर, कुशीवर लालसर ओरखड्यासारखा डाग, यातलं एकही दिसलं तर परत फिरा. श्वास मोजा. मिनिटाला ८०-९०च्या वर कल्ले हलत असतील आणि नुकतंच कोणी त्याला छेडलेलं नसेल, तर कल्ल्यांचा आजार धरून चाला.

मग दुकानदाराला खायला घालायला सांगा. मासा तुमच्या डोळ्यांदेखत खायलाच हवा, यात तडजोड नको. आगाऊ रक्कम देऊन मासा दुकानातच दोन आठवडे ठेवायला सांगणं उत्तम. भला दुकानदार नाही म्हणत नाही. जो म्हणतो, ‘आज नेलात तरच, उद्या मिळणार नाही’, त्याच्याकडून हा मासा घेऊ नये. आयातीची कागदपत्रंही मागा. शोभेच्या माशांच्या आयातीला आपल्याकडे परवाना आणि विलगीकरण लागतं, आणि कागद दाखवू शकणाऱ्याचा मासा निदान कुठून आणि कधी आला हे कळतं.

आता पिशवी. मासा गावातल्याच दुकानातून तासाभरात आणला असेल तर थेंबांची पद्धत चालेल. पण २४-३० तासांचा प्रवास करून आलेल्या पिशवीला ती घातक आहे. बंद पिशवीत माशाच्या उच्छ्वासाने कर्बवायू साठतो, पीएच खाली उतरतो, आणि त्या आम्लपणामुळे साठलेला अमोनिया बहुतांशी अमोनियमच्या, कमी विषारी रूपात राहतो. तुम्ही पिशवी उघडली की कर्बवायू उडून जातो, पीएच चढतो, आणि तोच अमोनियम मिनिटांत विषारी अमोनिया होतो. त्यात मासा दोन तास बसवायचा म्हणजे कल्ले भाजून काढायचे.

बरोबर क्रम असा. मासा निघण्यापूर्वीच पाठवणाऱ्याला पिशवीतल्या पाण्याची क्षारता विचारा. अनेक जण ती मुद्दाम कमी ठेवतात. विलगीकरणाची टाकी त्याच क्षारतेला आणून ठेवा. पिशवी आली की खोलीतला दिवा मंद करा, बंद पिशवी १५-२० मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, म्हणजे तापमान जुळेल. मग उघडा, रिफ्रॅक्टोमीटरने लगेच क्षारता तपासा. फरक विशिष्ट गुरुत्वाच्या ०.००२ च्या आत असेल तर प्लॅस्टिकच्या पेल्याने मासा उचलून सरळ टाकीत सोडा. जाळी वापरू नका, तिच्यात कल्ल्यांच्या झाकणाचे काटे अडकतात. पिशवीतलं पाणी गटारात. नंतर रोज एक-दोन पीपीटी (हजार भागांत किती भाग मीठ) वाढवत ३५ पीपीटीवर, म्हणजे १.०२६ च्या आसपास या. क्षारता उतरवणं माशाला सोपं जातं, चढवणं जड. म्हणून चढताना घाई नको.

मुंबईत २३ अंशांची टाकी खरंच जमते का? किती अश्वशक्तीचा चिलर लागेल, विजेचा खर्च किती, आणि बाकी मांडणी कशी करावी, सविस्तर लिहा. (मुलुंड)

जमते, पण चिलरशिवाय नाही. पंख्याने पाण्यावर वारा मारून दोन-तीन अंश उतरतात तेही कोरड्या हवेत. पावसाळ्यात मुंबईची हवा आधीच ओलीचिंब असते, बाष्पीभवन होत नाही, पंखा नुसता फिरतो.

१२० × ४५ × ५० सेंटिमीटरची टाकी धरू. काठोकाठ २७० लिटर, खडक वजा जाता २३० च्या आसपास, अधिक खालच्या सम्पमध्ये, म्हणजे टाकीखालच्या जोडटाकीत, ५०-६०. खोली ३२ अंश आणि पाणी २३ असेल तर काचा आणि पृष्ठभागातून सव्वाशे वॅटच्या आसपास उष्णता सतत आत येते. त्यात परतीचा (सम्पमधून पाणी वर आणणारा) पंप, प्रवाहाचे पंप, स्किमर (फेसावाटे घाण काढणारं यंत्र) आणि दिवे यांचे शंभर वॅट मिळवा. चिलरला दिवसरात्र सव्वादोनशे वॅट बाहेर फेकायचे आहेत. एक-दशांश अश्वशक्तीचा चिलर एप्रिल-मेमध्ये न थांबता चालेल आणि तरी २५ वर अडकेल. पाव अश्वशक्तीचा घ्या. तो थांबत थांबत चालतो, कॉम्प्रेसर टिकतो. उन्हाळ्यात महिन्याला १०० युनिटच्या आसपास वीज धरून चला. आतली नळी टायटॅनियमचीच असावी. साधा तांब्याचा कॉइल खाऱ्या पाण्यात गेला तर टाकीतले कोलंबी, गोगलगायी आधी मरतात.

चिलर जी उष्णता पाण्यातून काढतो ती खोलीतच सोडतो. बंद कपाटात ठेवला तर तो स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतो. बाल्कनीत ठेवा, पण पाऊस आणि दुपारचं ऊन लागणार नाही अशा जागी, मागे-पुढे एकेक फूट मोकळं ठेवून. नळ्यांवर एसीच्या पाईपला घालतात तसलं काळं नायट्राईल फोम चढवा.

जुलैमधली एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. तेव्हा मुंबईत दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. तुमच्या टाकीची काच २३ वर. म्हणजे थंड बाटलीला सुटतो तसा घाम काचेला दिवसरात्र सुटणार. पाणी ओघळून स्टँडच्या प्लायवर जातं, दोन पावसाळ्यांत प्लाय फुगतो आणि ३०० किलोंचं वजन तिरकं होतं. म्हणून स्टँड लोखंडी, पावडर कोटिंग केलेला. तळ, पाठ आणि दोन्ही बाजूंना २५ मिलिमीटर थर्माकोल किंवा फोम चिकटवा. समोरच्या काचेवर खालून वर हळू वारा जाईल असा छोटा पंखा लावा. विजेचे सगळे प्लग काचेच्या पातळीपेक्षा वर, आणि प्रत्येक वायरला प्लगच्या आधी खाली झोळ, म्हणजे थेंब वायरवरून प्लगमध्ये शिरणार नाही. आरसीसीबी (वीजगळती होताच प्रवाह तोडणारं बटण) नसेल तर आधी तो बसवा, मासा नंतर.

चिलरच्या स्वतःच्या थर्मोस्टॅटवर विसंबू नका. वेगळा कंट्रोलर लावा, २३ वर सुरू-बंद, आणि २६ ला मोबाईलवर सूचना. वीज गेली तर घरगुती इन्व्हर्टरवर चिलर घेऊ नका. कॉम्प्रेसर सुरू होताना ओढतो तो प्रवाह छोट्या इन्व्हर्टरला झेपत नाही. इन्व्हर्टरवर फक्त एक प्रवाहाचा पंप आणि एअर पंप ठेवा. प्राणवायू चालू राहिला तर पाच-सहा तासांत दोन-तीन अंश चढलेलं पाणी मासा सहन करतो.

दिवा निळा आणि मंद. लाल रंग पाण्यात पहिल्या काही मीटरांतच विरतो, या माशाच्या घरी दुपारीही निळा संधिप्रकाश असतो. सुरुवातीचे दोन आठवडे दिवा दहा टक्क्यांवर, दिवसाला सहा तास. मासा उघड्यावर खाऊ लागला की आठवड्याला पाच टक्के वाढवा. तीसच्या पुढे जायचं कारण नाही. खडकांची रचना भिंतीसारखी नको. दोन-तीन लांबट कमानी आणि आतून आरपार जाणाऱ्या कपारी करा. आंधळी भोकं असली की एकाने दुसऱ्याला आत कोंडलं तर सुटायला वाट नसते. खडक मृत किंवा सिरॅमिकचे घ्या. मंद उजेडात शोभतील म्हणून कोणी ट्यूबॅस्ट्रिया हे नारिंगी प्रवाळ किंवा समुद्रपंखे सुचवेल. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हे दोन्ही संरक्षित आहेत, त्या वाटेला जाऊ नका.

झाकण जाळीचं, सहा मिलिमीटर छिद्रांचं, एकही फट न ठेवता. घाबरला की हा उडी मारतो, आणि बहुतेक उड्या रात्री दिवा एकदम बंद झाल्यावर. म्हणून दिवा अर्ध्या तासात हळूहळू मावळू द्या.

महिना झाला, मासा दिसतो सुंदर, पण फ्रोझन मायसिस तोंडात घेतो आणि थुंकतो. पोट आत गेलंय. लसणाचा रस लावून पाहिला. (कोल्हापूर)

लसूण सोडा. वासाने भूक लागणाऱ्यांतला हा मासा नाही, हा नजरेने शिकार करतो. समोरून वाहत जाणारा, हलणारा, मिलिमीटरभर आकाराचा जीव त्याला अन्न वाटतो. मायसिस, म्हणजे कोलंबीसारखा छोटा जीव, त्याच्या तोंडाला मोठा आहे. थुंकतो कारण गिळता येत नाही.

आजच आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले बारीक कवचधारी जीव, उबवायला घाला. एक लिटर पाणी, २५ ग्रॅम आयोडीन नसलेलं मीठ, एक ग्रॅम अंडी, २७-२८ अंश, खालून जोरदार हवा, वर दिवा. २४ तासांत पिल्लं निघतात. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. टरफलं वर येतात, पिल्लं तळाला आणि उजेडाकडे गोळा होतात. नळीने ओढून १२० मायक्रॉनच्या चाळणीवर गाळा, गोड्या पाण्याने धुवा आणि लगेच घाला. ‘लगेच’ला अर्थ आहे. पिल्लू स्वतःच्या अंगातला बलक जाळत असतं, प्रत्येक तासाला त्याचं पोषण घटतं. आठ-दहा तासांनी कात टाकल्यावर त्याला तोंड फुटतं, तेव्हापासून त्याला नॅनोक्लोरोप्सिससारखं शेवाळ बारा तास खाऊ घालून मग माशाला दिलंत तर ते पुन्हा पौष्टिक होतं.

पण नुसत्या आर्टेमियावर मासा महिनोन्महिने जगत नाही. त्यात डीएचए हे मेदाम्ल जवळजवळ नसतंच. मासा रोज पोटभर खातो आणि तरी बारीक होत जातो, हे कोडं बहुतेक वेळा इथे सुटतं. म्हणून पाच-सहा दिवसांनी, मासा पाहताक्षणी पुढे येऊ लागला की, चौथा हिस्सा फ्रोझन कॅलॅनस, म्हणजे समुद्रातला एक कोपेपॉड (बारीक कवचधारी जीव), मिसळा. तो दोन-तीन मिलिमीटरचा, तेलकट, या तोंडाच्या मापाचा. त्यानंतर माशांची बारीक अंडी आणि सुरीने बारीक केलेला मायसिस. दर तीन दिवसांनी जिवंत हिस्सा थोडा कमी करायचा. मासा मागे सरला तर पुन्हा मागच्या पायरीवर यायचं. जिवंत टिग्रिओपस कोपेपॉड मिळत असतील तर सोन्याहून पिवळं.

घालण्याची पद्धत तितकीच महत्त्वाची. परतीचा पंप १५ मिनिटं बंद ठेवा, नाहीतर सगळं सम्पमध्ये जाईल. प्रवाहाचा पंप मात्र मंद चालू हवा, कारण अन्न वाहत गेलं तरच त्याला अन्न वाटतं. तळाला पडलेलं हा सहसा उचलत नाही. लांब नळीने कपारीच्या तोंडापासून फूटभर वरच्या बाजूला, प्रवाहात, थोडं थोडं सोडा. एका वेळी मोठ्ठा गोळा घालू नका. दोन मिनिटांत संपेल इतकं, दिवसातून सहा वेळा.

इतकं खाणं घातलं की पाणी बिघडणारच. स्किमर टाकीच्या दुप्पट मापाचा, आठवड्याला १५ टक्के पाणीबदल, नायट्रेट १५ पीपीएमच्या खाली. पोट आत गेलेलं असताना स्वच्छ पाण्याच्या हौसेपायी खाणं कमी करू नका. आधी मासा, मग नायट्रेट.

बाजारात ताजा जवळा मिळतो. तोच चिरून घातला तर? (अलिबाग)

मोठ्या माशांना चालेल. व्हेंट्रॅलिसला फार बारीक करावा लागतो, आणि बारीक केला की रस सुटून पाणी गढूळ होतं. करायचंच तर पहाटेचा, बर्फात न राहिलेला जवळा घ्या, गोड्या पाण्यात दोनदा धुवा, डोकी काढा, एकदा गोठवा, मग अर्धवट गोठलेला असतानाच चिरा, म्हणजे तुकडे स्वच्छ होतात. चहाच्या गाळणीतून गाळून फक्त तुकडे घाला. हा आठवड्यातून एक-दोनदा, मुख्य खाणं नव्हे. सुका जवळा अजिबात नको.

एकच ठेवू की थवा? नर-मादी कसे ओळखायचे? (बेळगाव)

अँथियास सगळे मादी म्हणून वाढतात. गटातली सर्वांत वरचढ मादी नर होते. नर गेला तर पुढची मादी दिवसांत नरासारखी वागू लागते, रंग बदलायला काही आठवडे घेते. २७० लिटरमध्ये एक नर आणि दोन-तीन माद्या, त्यापुढे नाही. दोन नर कधीच नाहीत. आधी माद्या सोडा, त्या खाऊ लागल्या की नर. एकदम चारही सोडता आले तर तेही बरं, कोणाचीच जागा ठरलेली नसते. फक्त दोन मादी घेऊ नका. एक नर होते आणि तिचा सगळा जोर उरलेल्या एकटीवर निघतो. पैसे एकाच माशापुरते असतील तर एकच ठेवा, तो नीट राहतो.

सोबतीला हेल्फ्रिच फायरफिश, पॉसम रास किंवा पिवळा ॲसेसर. इतर अँथियास, डॉटीबॅक आणि मोठ्या तोंडाचा कोणताही मासा बाहेर.

नव्या माशाच्या कुशीवर लाल चट्टा आलाय, दुसऱ्यावर पांढरे ठिपके. दोघांना तांबं घालू? (हैदराबाद)

दोन वेगळे आजार आहेत. मिठाच्या कणांएवढे, मोजता येतील असे पांढरे ठिपके म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी. त्याला तांबं लागू पडतं. कुशीवर खवल्यांखालून उमटलेला, रोज पसरणारा लाल चट्टा बहुधा युरोनेमा हा दुसरा परजीवी. हा अँथियास आणि क्रोमिसच्या मागेच लागलेला असतो आणि तांब्याला दाद देत नाही. तो मांसात शिरलेला असेल तर वाचण्याची शक्यता थोडीच. चट्टा नखाएवढा असतानाच त्या माशाला वेगळा करा आणि माशांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडून फॉर्मेलिनची आंघोळ किंवा क्लोरोक्विन यांपैकी काय द्यायचं ते ठरवा. फॉर्मेलिन पाण्यातला प्राणवायू खातं, त्यामुळे हवा जोरात हवी. तुमच्या डोळ्या-नाकालाही ते वाईट, हातमोजे आणि उघडी खिडकी अत्यावश्यक. क्लोरोक्विन आणि तांबं एकत्र कधीही घालू नका.

ठिपकेवाल्यासाठी कीलेटेड (दुसऱ्या रसायनाने बांधून ठेवलेलं) तांबं असेल तर पातळी एकदम चढवू नका. पाच ते सात दिवसांत २ पीपीएमवर न्या आणि तिथे ३० दिवस ठेवा, रोज मोजून. साध्या, आयनिक तांब्याचं माप याच्या कितीतरी खाली असतं, म्हणून बाटलीवर कोणता प्रकार लिहिलाय ते पाहिल्याशिवाय हा आकडा वापरू नका. तांब्याने भूक मरते. म्हणूनच खात नसलेल्या व्हेंट्रॅलिसवर केवळ खबरदारी म्हणून तांबं वापरायला आमचा विरोध आहे. आधी दोन आठवडे खाऊ द्या, पाहत राहा, मग औषध.

विलगीकरणाची टाकीही २३ अंशांचीच हवी. हे विसरलं जातं. स्पंज फिल्टर चार-सहा आठवडे आधीपासून मुख्य टाकीच्या सम्पमध्ये ठेवून जिवाणू बसवून घ्या. कोऱ्या टाकीत सहा वेळा खाणं घातलं तर तिसऱ्या दिवशी अमोनिया उभा. मुख्य टाकीत आजार शिरलाच असेल तर ती ७६ दिवस माशांविना चालवावी लागते. थंड पाण्यात परजीवीचं चक्र लांबतं, त्यामुळे इथे दिवस कापू नका.

आपल्या आंग्रिया बँकवर असे मासे मिळतील का? (रत्नागिरी)

व्हेंट्रॅलिस तिथला नाही, तो पॅसिफिकचा. आंग्रिया बँक हा विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरहून अधिक किलोमीटरवर बुडालेला खडक आहे, माथाच वीसेक मीटर खोल. तिथल्या प्रवाळांना कायद्याचं संरक्षण आहे, आणि हौसेखातर तिथून काही उचलून आणावं असं आम्ही कोणालाही सुचवणार नाही.

गणपतीला पाच दिवस गावी जावं लागतं. सहा वेळा खाणं कोण घालणार? (डोंबिवली)

कोरड्या खाण्याचा ऑटोफीडर या माशाला उपयोगाचा नाही, बहुतेक व्हेंट्रॅलिस गोळ्या ओळखतच नाहीत. छोटा फ्रिज, त्यात ढवळणी लावलेली बाटली आणि बाहेर डोसिंग पंप अशी जोडणी करता येते. कॅलॅनस आणि माशांची अंडी थंड खाऱ्या पाण्यात मिसळून चार अंशांवर ठेवायची, पंपाने दर दोन तासांनी ठरलेलं माप टाकीत. नळीचा फ्रिजबाहेरचा भाग शक्य तितका आखूड ठेवा. लांब नळीत उरलेलं अन्न दोन तासांत कुजतं आणि पुढच्या डोसला तेच आधी टाकीत जातं. मिश्रण २४ तासांनी टाकून नवं भरावं लागतं, म्हणजे रोज एकदा कोणीतरी यायलाच हवं. शेजाऱ्यांना पाच दिवसांचे पाच वेगळे डबे तारीख घालून फ्रीझरमध्ये ठेवून द्या. ‘थोडं जास्त घातलं तर काय होतंय’ हा प्रेमळपणा टाळण्याचा तोच एक मार्ग. जाण्याआधी आठवडाभर ही सगळी जोडणी तुम्ही घरी असताना चालवून पाहा, निघायच्या दिवशी स्किमरचा पेला रिकामा करा, आणि चिलरची सूचना शेजाऱ्यांच्या मोबाईलवरही जाईल असं बघा. नवा मासा मात्र गणपतीआधीच्या दोन महिन्यांत आणू नका.